बोईसरच्या पत्र्यावरचं ऊन

तारापूर म्हटलं की अणुवीज आठवते. १९६९पासून तिथून वीज निघते आहे. अशा केंद्राच्या आसपास वाऱ्याच्या आणि उन्हाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. चिमणीतून जे बाहेर पडेल ते कुठे आणि किती विरळ होऊन जाईल, हे गणित वारा आणि ऊन यांवरच बसवलेलं असतं. आज तसंच गणित शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्यांना हवं आहे. तिथल्या छपरांवर आणि बोईसर-पालघरच्या गच्च्यांवर सौर पॅनेलं दिसू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं.

पॅनेल विकणारा सांगतो, ‘किलोवॉटमागे रोज चार युनिटं.’ वर्षाच्या सरासरीला ते ढोबळमानाने बरोबर आहे. पण पालघरात सरासरी दिवस उगवतोच कधी? इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी आभाळ बहुधा मोकळं, दुसऱ्या वेळी कित्येक दिवस सूर्याचं दर्शनच नाही. मग जुलैत युनिटं घटली तर दोष ढगांचा, इन्व्हर्टरचा की पॅनेलच्या एखाद्या सैल जोडणीचा? सरासरी वर्षावर बेतलेलं वीजनिर्मितीचं प्रारूप याचं उत्तर देऊ शकत नाही. ते कर्ज देणाऱ्या बँकेच्या कामाचं; मालकाला त्याच दिवशी मोजलेलं हवामान लागतं.

आपल्याकडे या मोजणीची परंपरा जुनी आहे. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास हवामान खात्याने सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभारली. त्यामागे अ‍ॅना मणी होत्या. १९८०मध्ये निघालेला त्यांचा भारतातील सौर प्रारणाचा आकडेग्रंथ त्या कामाचं फळ. पुढे २०११पासून चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशभर नवी केंद्रं उभारली. मधल्या जागा उपग्रह भरतो, पण किनाऱ्यावर त्याचा एकच चौकोन अर्धा समुद्रावर आणि अर्धा जमिनीवर पडू शकतो. जव्हारचा घाटमाथा आणि तारापूरची खाडी एकाच जिल्ह्यात असली तरी त्यांचं आभाळ एक नाही.

प्रारूपाचं काम पायरीपायरीने चालतं. आधी आडव्या पृष्ठभागावर मोजलेलं ऊन थेट आणि विखुरलेलं असं वेगळं करायचं, मग ते पॅनेलच्या उतारावर आणायचं. त्यानंतर येते उष्णता. पॅनेलची छापील क्षमता २५ अंशांवरची असते. हवा ३४ अंश आणि ऊन दर चौरस मीटरला ९०० वॉट असेल, तर सौरघट ६० अंशांच्या पुढे जातो. अंशामागे ०.३५ टक्के घट धरली तर तेराएक टक्के वीज तिथेच गेली. दुपारी सुटणारा खारा वारा यातलं थोडं परत देतो. म्हणून वारा न मोजता केलेलं गणित किनाऱ्यावर नको तितकं निराशावादी निघतं.

समजा, दहा किलोवॉटच्या संचावर दिवसभरात दर चौरस मीटरला साडेपाच युनिटं ऊन मोजलं गेलं. नुकसानी वजा जाता ७८ टक्के धरले तर सुमारे ४३ युनिटं यायला हवीत. मीटरवर ३६ दिसली, तर ढगांवर खापर फोडता येत नाही; ढग हिशेबात आधीच आले आहेत.

ऊन मोजणाऱ्या उपकरणाचं, म्हणजे पायरॅनोमीटरचंही एक दुखणं असतं. कारखान्यांची धूळ आणि समुद्राचं मीठ त्याच्या काचेवरही बसतं. काच आणि पॅनेल सारखीच मळली की ऊन कमी, वीजही कमी, आणि प्रारूप म्हणतं सगळं आलबेल. काच नियमित पुसायची सोय नसेल तर असं यंत्र मुळात घेऊच नये, असं माझं मत.

लहान कारखान्याला इतकं महाग यंत्र लागतही नाही. पॅनेलच्याच उतारावर बसवलेला, ऊन मोजणारा एक संदर्भ सौरघट आणि पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला तापमापक, एवढ्यावर बरंच भागतं. दिवाळीनंतर धुळीचे कोरडे महिने सुरू होतात. तेव्हा घट पुसत राहावं, पॅनेलांची एक ओळ धुवावी, शेजारची तशीच ठेवावी. दोन्ही ओळींच्या युनिटांतल्या फरकावरून धुण्याची मजुरी परवडते का, हे मेपर्यंत कळतं.