जुने प्रदर्शन पुन्हा कसे उभे राहते?



प्रदर्शन संपले की चित्रे उतरतात, भिंती रिकाम्या होतात. मग ५० वर्षांपूर्वीचे प्रदर्शन पुन्हा कसे उभे करायचे?

१९ जुलै १९३७ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरात नाझी सरकारने 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन भरवले. संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० आधुनिक कलाकृती तेथे मुद्दाम दाटीवाटीने, वाकड्यातिकड्या लावल्या होत्या. भिंतींवर टवाळीची वाक्ये होती. काही चित्रांजवळ खरेदीची किंमत लिहिली होती. ती चलन कवडीमोल झाले होते त्या काळातली, म्हणून आकडा अवाढव्य दिसे. लोकांनी चिडावे, हाच हेतू. म्युनिकमध्ये २० लाखांहून अधिक लोक आले. पुढे जप्त कलाकृतींपैकी काही परदेशी विकल्या गेल्या, कित्येक नष्ट झाल्या.

१९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात स्टेफनी बॅरन यांनी या प्रदर्शनाची पुनर्मांडणी केली. अभ्यासकांनी जुनी छायाचित्रे तपासून कोणत्या दालनात कोणते चित्र होते ते ठरवले. वाचलेल्यांपैकी सुमारे १७५ कलाकृती गोळा केल्या. या वेळी हेतू मात्र उलटा होता. कलेची चेष्टा करून माणसांची मने कशी फिरवली जातात, हे प्रेक्षकांनी समजून घ्यावे.

हे शक्य झाले ते भिंतींची छायाचित्रे टिकल्यामुळे. म्हणून आपल्या शाळेचे चित्रप्रदर्शन उतरवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा आणि चित्रांची यादी जपून ठेवा.