विद्यापीठांत काय निर्माण होतें?

विद्यापीठ म्हटलें कीं आपल्या मनांत प्रथम परीक्षा येते, मग निकाल आणि शेवटीं पदवीदानाचा तो झगा. विद्यापीठ मोठें कीं लहान, हें आपण तेथून किती पदवीधर बाहेर पडले यावरून ठरवितों. शाळेंत मास्तरकी करीत असतांना मीही तसेंच ठरवीत असें. तेथें बसून माणसें काय घडवितात, हा प्रश्न मला फार उशिरां पडला. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आज मी आपणांस बडोद्यास नेणार आहें.

बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें. श्रीमती हंसा मेहता ह्या त्याच्या पहिल्या कुलगुरू. परंतु त्याचीं मुळें अधिक जुनीं आहेत. बडोदें कॉलेज १८८१ चें, मौलाबक्षांच्या हातीं सोंपविलेली गायनशाळा १८८६ ची, कलाभवन १८९० चें. दादासाहेब फाळके याच कलाभवनांत कांहीं काळ शिकले. प्राचीन संस्कृत ग्रंथ छापणारी गायकवाड ग्रंथमालाही १९१६ सालीं राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’नें सुरू झाली होती. हा सारा संसार विद्यापीठाकडे आला, आणि पोथी वाचणारे व मृदंग वाजविणारे एकाच संस्थेचे झाले.

तेथील प्राच्यविद्या मंदिरानें १९५१ सालीं वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. चिकित्सक आवृत्ति म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगतों. रामायण शेंकडों वर्षें हातानें नकलून घेतलें गेलें. नकलणारा कधीं ओळ गाळतो, कधीं कानावरचा श्लोक मध्येंच घालतो. उत्तरेकडे पोथ्यांची एक परंपरा बनली, दक्षिणेकडे दुसरी. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील पोथ्या जमवावयाच्या, एकेक श्लोक पुढें घेऊन प्रत्येक पोथींतील पाठ त्याखालीं उतरावयाचा, आणि कोणता पाठ जुना दिसतो तें ठरवावयाचें. यांत गोड वाटला म्हणून पाठ घेतां येत नाहीं. उलट कठीण पाठच बहुधा जुना ठरतो. कारण नकलणारा कठिणाचें सोपें करतो, सोप्याचें कठीण सहसा करीत नाहीं. जो श्लोक मूळचा वाटत नाहीं तोही टाकून देत नाहींत. तो तळटीपेंत किंवा परिशिष्टांत राहतो, म्हणजे पुढच्या वाचकाला संपादकाचा निवाडा तपासतां येतो.

बालकांड १९६० सालीं निघालें, उत्तरकांड १९७५ सालीं. कामास हात घातल्यापासून चोवीस वर्षें! अयोध्या आणि युद्ध या दोन कांडांचे संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतांत कर्णपर्व त्यांनींच सिद्ध केलें होतें. मीं आयुष्यभर वर्गांत ‘वाल्मीकींनीं असें म्हटलें आहे’ असें ठासून सांगितलें. कोणत्या पोथींत म्हटलें आहे, हें मला एकाही मुलानें विचारलें नाहीं आणि मींही स्वतःला विचारलें नाहीं. ही आवृत्ति प्रथम चाळली तेव्हां त्या ठासून सांगण्याची लाज वाटली.

त्याच ग्रंथमालेंत अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचें ‘नाट्यशास्त्र’ निघालें. पहिला भाग १९२६ सालीं आणि चवथा १९६४ सालीं. चालुक्य राजा सोमेश्वराचा शके १०५१ च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ही तिचाच. या संस्कृत ग्रंथांत मराठी पद्याच्या ओळी आल्या आहेत. आपल्या भाषेचा इतका जुना पुरावा छापून आला तो बडोद्यास, हें पुष्कळ मराठी माणसांच्या कानीं नसतें.

आतां कुंचल्याकडे वळूं. १९५० सालीं तेथें ललितकलांचा विभाग निघाला. चित्रकला शिकविण्यास नारायण श्रीधर बेंद्रे आले, शिल्पकला शंखो चौधरींकडे आली. पुढें के. जी. सुब्रमण्यन् यांनीं तेथें भित्तिचित्रें रचलीं. आणि विद्यार्थ्यांच्या कलामेळ्यासाठीं लांकडाचीं, चामड्याचीं खेळणींही केलीं! मोठा चित्रकार पोरांचीं खेळणीं करतो, हें मला एखाद्या प्रबंधाइतकेंच मोलाचें वाटतें. गुलाम मोहम्मद शेख, ज्योति भट्ट हे चित्रकार येथेंच शिकले आणि येथेंच शिक्षक झाले.

शास्त्रांविषयीं एवढेंच सांगतों, कीं रसायनशास्त्राचें २००९ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे वेंकटरामन रामकृष्णन् १९७१ सालीं येथूनच बी. एस्सी. झाले. त्यांचें संशोधन मात्र परदेशीं झालें. त्याचें श्रेय बडोद्यानें घेणें बरें नव्हे.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. उत्तर गुजराथेंत शामळाजीजवळ मेश्वो नदीच्या कांठीं देवनी मोरी म्हणून ठिकाण आहे. तेथें बौद्ध स्तूप आणि विहार मातींत गाडलेले होते. नदीवर धरण बांधावयाचें ठरलें आणि ती सर्व जागा पाण्याखालीं जाणार असें दिसूं लागलें. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानें रमणलाल मेहता यांच्या देखरेखीखालीं १९६० ते १९६३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ति निघाल्या. स्तूपाच्या पोटांत दगडी करंडक सांपडला. त्यावर संस्कृत लेख आहे, स्तूप उभारणाऱ्या भिक्षूंचीं नांवें आहेत आणि १२७ हें वर्ष आहे. हें वर्ष कोणत्या कालगणनेचें, यावर विद्वानांचा वाद आहे. खणणारांना तो मिटविण्याइतका अवसर नव्हता. पाणी चढण्यापूर्वीं मोजमापें घ्यावयाचीं होतीं, नकाशे काढावयाचे होते.

पुढें पाणी चढलें. स्तूपाची जागा आज जलाशयाखालीं आहे. करंडक बडोद्यास त्या विभागाच्या संग्रहांत आहे, आणि उत्खननाचा अहवाल छापलेला आहे.