विदागार-सर्व्हरची चकती-मांडणी
विदागार-सर्व्हरची चकती-मांडणी : व्यापारी संस्था, बँक किंवा कारखाना यांच्या व्यवहारांचे विदागार म्हणजे डेटाबेस ज्या संगणकावर चालते, त्यातील साठवण चकत्यांची संख्या, त्यांचे गट व प्रत्येक गटावर ठेवावयाची सामग्री यांच्या योजनेस चकती-मांडणी म्हणतात [⟶ संगणक]. पुष्कळदा ही मांडणी केवळ धारणक्षमतेवरून ठरविली जाते. वस्तुतः दर सेकंदाला किती वाचन-लेखनक्रिया व्हावयाच्या आणि चकती बिघडल्यास किती नोंदी गमावणे परवडेल, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे होत. वाशीच्या घाऊक बाजारातील आडतीच्या गाळ्यातील एकच सर्व्हर असो, की ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यातील मोठी विदाकेंद्रे असोत, दोहोंना हीच तत्त्वे लागू पडतात.

विदागारातील लेखन दोन प्रकारचे असते. पारंपरिक हिशेबात व्यवहार प्रथम रोजकीर्दीत क्रमाने लिहिला जातो व नंतर खतावणीत त्या त्या खात्यावर चढविला जातो. विदागारही प्रत्येक बदल आधी व्यवहार-नोंदीत (लॉगमध्ये) लिहिते आणि मूळ सामग्रीत तो सवडीने उतरविते. नोंदीचे लेखन सलग असते; सामग्रीचे वाचन-लेखन मात्र विखुरलेले असते. यांत्रिक चकतीत शीर्ष योग्य मार्गावर नेणे आणि इष्ट भाग त्याखाली येणे यांत वेळ जातो. मिनिटाला ७,२०० फेरे करणाऱ्या चकतीत सरासरी अर्ध्या फेऱ्यासच सु. ४.२ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या क्रिया सेकंदाला सु. ८० च होतात.

आयबीएम कंपनीच्या १९५६ मधील रॅमॅक संगणकाच्या साठवण यंत्रात ५० चकत्या होत्या व त्यांत सु. ५० लक्ष वर्ण मावत. अनेक लहान, स्वस्त चकत्या एकत्र वापरून वेग व विश्वसनीयता साधण्याच्या ‘रेड’ या पद्धतीची शास्त्रीय मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये केली. तिचे आज रूढ असलेले प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत : रेड-० मध्ये सामग्री अनेक चकत्यांवर विभागली जाते, पण एक चकती गेली तरी सर्व सामग्री नष्ट होते. रेड-१ मध्ये प्रत्येक चकतीची हुबेहूब प्रत असते. रेड-१० मध्ये अशा जोड्यांवर सामग्री विभागतात. रेड-५ मध्ये एका चकतीइतकी व रेड-६ मध्ये दोन चकत्यांइतकी जागा समता-अंकांसाठी खर्च होते; त्या अंकांवरून हरवलेला भाग गणिताने परत मिळविता येतो.

ही बचत लेखनाच्या वेळी महाग पडते. रेड-१० मध्ये एका लहान लेखनासाठी दोन चकती-क्रिया लागतात. रेड-५ मध्ये जुनी सामग्री व जुना समता-अंक वाचून दोन्ही नव्याने लिहावे लागत असल्याने चार आणि रेड-६ मध्ये सहा क्रिया लागतात. समजा, प्रत्येकी ४ टेराबाइट क्षमतेच्या आठ चकत्या असून प्रत्येक चकती सेकंदाला ८० क्रिया करते, म्हणजे एकूण ६४० क्रिया होतात. विदागाराच्या मागण्यांत वाचन व लेखन निम्मे-निम्मे असल्यास रेड-१० सेकंदाला सु. ४२७, रेड-५ २५६ व रेड-६ सु. १८३ मागण्या पुरवील. उपयुक्त क्षमता मात्र अनुक्रमे १६, २८ व २४ टेराबाइट राहील. म्हणून ज्या विदागारात सतत नोंदी होतात त्यास रेड-१० आणि ज्यात मुख्यतः जुने अभिलेख वाचले जातात त्यास रेड-६ सोयीचे ठरते.

चकती बदलल्यानंतरची पुनर्बांधणी हा धोक्याचा काळ असतो. १६ टेराबाइटची चकती सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरण्यास सु. २२ तास लागतात व चालू कामाच्या भाराखाली त्याहून अधिक. या काळात रेड-५ मधील दुसरी चकती गेल्यास सर्वच सामग्री जाते. आठ चकत्यांच्या रेड-१० मध्ये उरलेल्या सातांपैकी केवळ जोडीची चकती गेली तरच सामग्रीहानी होते.

व्यवहार-नोंद व मूळ सामग्री वेगळ्या चकती-गटांवर ठेवावी. त्यामुळे यांत्रिक चकत्यांत सलग लेखनात खंड पडत नाही; शिवाय सामग्रीचा गट नष्ट झाला, तरी आधीची राखीव प्रत व त्यानंतरची अखंड नोंद यांवरून शेवटच्या पूर्ण व्यवहारापर्यंतचे विदागार पुन्हा उभारता येते. घन-अवस्था साठवणीत (एसएसडीमध्ये) हलते शीर्ष नसते व सेकंदाला हजारो क्रिया होतात. त्यामुळे वेगासाठी गट वेगळे करण्याचे कारण दुर्बल झाले आहे. सुरक्षिततेचे कारण कायम आहे. नियंत्रकाच्या तात्पुरत्या स्मृतीत लेखन साठविले जात असल्यास तिला विद्युत् घटमालेचा किंवा तत्सम आधार हवा. अन्यथा वीज जाताच ‘नोंद झाली’ असे कळविलेला व्यवहारही नाहीसा होतो.

चकत्यांची जादा प्रत ही राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा जोडीतील दोन्ही चकत्यांवर सारख्याच निष्ठेने पाळली जाते. स्थानिक आपत्तीतही सर्व चकत्या एकदमच सापडतात. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला व मुंबई महानगर प्रदेशातील अनेक भाग जलमय झाले. अशा प्रसंगासाठी एक प्रत दूरच्या प्रदेशात ठेवणे इष्ट असते. मात्र तंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लक्ष किमी. जात असल्याने ६०० किमी.वरील केंद्राची पोच मिळण्यास किमान ६ मिलिसेकंद लागतात. दर व्यवहारास हा विलंब सोसावयाचा, की दूरची प्रत काही सेकंद मागे राहू द्यावयाची, हा निर्णय तंत्रज्ञाइतकाच व्यवसायचालकाचाही असतो. राखीव प्रतीवरून विदागार प्रत्यक्ष उभारून पाहिल्याखेरीज ती प्रत भरवशाची मानू नये.