नोंद पोचली, अर्थ पोचायचा आहे
आरोग्याचे नवे दप्तर : लेखांक ७

मागच्या लेखांकात दवाखान्यातला केसपेपर संगणकात कसा गेला, हे पाहिले. आज त्या केसपेपरवर ज्याचे नाव आहे, त्या माणसाकडे वळू. त्यासाठी दादरा-नगर हवेलीसारखी तपासण्याजोगी जागा दुसरी सापडणे कठीण. १५ ऑगस्ट २०२० रोजी केंद्र सरकारने डिजिटल आरोग्य अभियानाची चाचणी सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरू केली, त्यांत दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव होता. देशभर हे अभियान २७ सप्टेंबर २०२१ रोजी आले. म्हणजे माणसाच्या आरोग्यनोंदी जोडणारा चौदा आकडी आरोग्य क्रमांक मुंबई-पुण्याच्या वर्षभर आधी दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात पोचला. वस्तीही इथे झपाट्याने बदलली. सिल्वासाला लागून असलेली सामरवरणी २०११ च्या जनगणनेत प्रथमच शहरी वस्ती म्हणून मोजली गेली. त्याआधीच्या दशकात दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २ लाख २० हजारांवरून ३ लाख ४३ हजारांवर गेली आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया उरल्या ७७४, कारण कंपन्यांत कामाला आलेले बहुतेक पुरुष एकटेच आले. मूळचे वारली, कोकणा, धोडिया एकीकडे आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेले कामगार दुसरीकडे. उपचारांसाठी पालघरच्या तलासरी, जव्हार, मोखाड्याकडचे लोकही सिल्वासाचीच वाट धरतात. इतक्या भाषा बोलणाऱ्या, सतत जागा बदलणाऱ्या लोकांना आपली आरोग्यनोंद कुठेही उघडता येणे ही मोठी सोय आहे, यात वाद नाही. पण नोंद उघडता आली म्हणजे आजार कळला, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. या लेखाचा आक्षेप त्या गृहीतकावर आहे.

नेमके काय अडते, ते सिकलसेलच्या एका अहवालावर दिसते. हा आनुवंशिक रक्तविकार या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत पिढ्यानपिढ्या आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आधी झटपट चाचणी होते, संशय आला तर रक्त यंत्रावर तपासले जाते. समजा, एका तरुणीचा अहवाल मोबाइलवर आला. इंग्रजीत तीन-चार ओळी, समोर टक्के, एक आलेख. ‘एचबी-एस’च्या ओळीत छत्तीस टक्के आणि खाली एका शब्दात निष्कर्ष. डॉक्टर तो क्षणात वाचतात : ही वाहक आहे, आजारी नाही. तरुणीला त्यातले ‘सिकलसेल’ एवढेच ओळखीचे वाटते आणि ती घाबरते, किंवा काहीच कळत नाही म्हणून मोबाइल बंद करते. नोंद अचूक आहे, सुरक्षित आहे, देशात कुठेही उघडते. तरीही ज्या कामासाठी तपासणी केली, ते झालेलेच नाही. सिकलसेलचा अटकाव लॅबमध्ये होत नाही. लग्न ठरवताना, गरोदरपणात, उन्हात पाणी न पिता काम करताना माणूस काय निर्णय घेतो, त्यावर तो अवलंबून असतो.

आता त्याच अहवालाला मिनिटभराचा आवाज जोडून पाहा. ‘ताई, तुमच्या रक्तात सिकलसेलचा गुण आहे, आजार नाही. शेतात, कंपनीत नेहमीसारखं कामाला जा. मात्र नवऱ्याचं रक्त तपासून घ्या. दोघांच्याही रक्तात हा गुण असेल, तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही शक्यता दर वेळी नव्याने असते. पहिलं बाळ चांगलं निघालं म्हणून दुसऱ्या वेळी तपासणी सोडू नका. आणि एक बाळ आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली, असंही समजू नका.’ शेवटची दोन वाक्ये कोणत्याही अहवालात छापलेली नसतात, पण गैरसमज नेमका तिथेच होतो. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याचा निरोप वेगळा हवा : भरपूर पाणी पी, थंडीत अंग झाक, ताप आला की घरी थांबू नकोस, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी दुखत नसतानाही रोज घे. आपल्याला काय झाले आहे, आपण काय करायचे आणि दवाखाना कधी गाठायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाला स्वतःच्या शब्दांत देता आली, तरच त्याचे शिक्षण झाले म्हणायचे. डिजिटल साधनाचे मोल याच कसोटीवर ठरवायला हवे.

नुसते यंत्र उभे केले की काय होते, याचा धडा कोविडने दिलेला आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लसीकरण खुले झाले आणि त्यासाठी कोविन पोर्टलवर आगाऊ नोंदणी सक्तीची केली गेली. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होते. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आणि इंग्रजी होते, अशा शहरी लोकांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या. गावचे लोक आपल्याच आरोग्य केंद्राच्या दारात बाहेरगावच्या गाड्या पाहत राहिले. अखेर २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट येऊन नाव नोंदवण्याची मुभा द्यावी लागली. यामागची विषमता आकड्यांत मोजलेली आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्रातही स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्क्यांवरच होते. त्यानंतर मोबाइल वाढले, डेटा स्वस्त झाला, तरी घरातला चांगला फोन बहुधा पुरुषाच्याच खिशात असतो. गरोदरपण, बाळाचे पोषण, सिकलसेलची तपासणी हे सगळे ज्या बाईशी बोलायचे, तिच्यापर्यंत निरोप दुसऱ्याच्या हातातून जातो, हे धरूनच आखणी केली पाहिजे.

मग वाचण्याऐवजी ऐकवले तर? हा प्रयोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झाला आहे. मुंबईच्या ‘आरमान’ संस्थेने २०१४ मध्ये ‘एममित्र’ सुरू केले. गरोदर बाईच्या फोनवर तिच्या भाषेत मोफत निरोप येऊ लागले. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ पासून चालू आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे बहात्तर कॉल आणि त्यांत डॉ. अनिता या काल्पनिक डॉक्टरचा आवाज. साधा फोन पुरतो, अक्षरओळख लागत नाही. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत या सेवेची शास्त्रीय चाचणी झाली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाळणा लांबवण्याची आधुनिक साधने वापरण्याचे प्रमाण थोडे वाढले, पण निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात फरक पडला नाही. हा निकाल निराशेचा नाही, उपयोगाचा आहे. एखादी माहितीच नसते तेव्हा आवाजातला निरोप ती भरून काढतो. पण सवय, सासूचे मत, बाळंतिणीचा थकवा आणि कामावर परतण्याची घाई आड येते, तेव्हा फोनवरचा आवाज एकटा पुरा पडत नाही. तिथे समोर बसून प्रश्न ऐकणारे कुणीतरी लागते.

समोर बसणाऱ्या माणसाची ताकद किती, ते गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत बनवले. त्यांनी घरोघरी जाऊन आयांना समजावले, नवजात बाळे तपासली, औषधोपचार केले. ३९ गावांतल्या या कामामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्यात उपचारही होते, त्यामुळे सारे श्रेय समजावण्याला देता येणार नाही; पण आईने लक्षण ओळखून हाक मारली नसती, तर उपचार पोचले नसते. दादरा-नगर हवेलीतही याच्या जवळ जाणारे उदाहरण आहे. कुष्ठरुग्णाच्या सहवासातल्या निरोगी लोकांना रिफॅम्पिसिनचा एकच डोस देऊन आजार रोखायचा, असा प्रकल्प अनेक देशांत राबवला गेला, त्याचे भारतातले केंद्र हा प्रदेश होता. काहीच होत नसलेल्या शेजाऱ्याने गोळी का घ्यावी? आणि शेजाऱ्याला गोळी द्यायची, तर आपला आजार त्याला कळेल. रुग्णाने त्याला होकार का द्यावा? या दोन प्रश्नांना पोर्टल उत्तर देऊ शकत नाही. दारात उभा असलेला, ओळखीचा कार्यकर्ताच देऊ शकतो.

यावर काही डॉक्टर म्हणतील की अर्धवट माहिती मिळालेला रुग्ण अज्ञानी रुग्णापेक्षा अवघड. तो इंटरनेटवर वाचून येतो, हुज्जत घालतो, मनानेच गोळ्या बंद करतो. यात तथ्य आहे. पण रुग्णाला माहिती द्यावी की देऊ नये, हा पर्याय आता डॉक्टरांच्या हाती उरलेलाच नाही. सिकलसेल जडीबुटीने मुळापासून जातो, असे सांगणारा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडला, तर तो डॉक्टरांची परवानगी विचारत नाही. दवाखाना गप्प राहिला की ती जागा असा व्हिडिओ घेतो. मालपाणी डॉक्टर दांपत्याने मुंबईत १९९७ मध्ये रुग्णांसाठी ‘हेल्प’ हे आरोग्य ग्रंथालय उघडले, तेव्हा विश्वासार्ह माहिती हाही उपचाराचाच भाग आहे, ही भूमिका नवलाची वाटत होती. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यशिक्षण, समुपदेशन आणि औषध लिहून देणे अशी तीन कामे शेजारी शेजारी मांडली. म्हणजे नियमाच्या दृष्टीनेही शिकवणे हे डॉक्टरांचे कामच आहे. आणि रुग्ण हुज्जत घालतो तो बहुधा अर्धे कळल्यामुळे; त्यावर उपाय त्याला उरलेले अर्धे सांगणे हाच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ओपीडीत रांग लागलेली असताना प्रत्येकाला समजावणार कोण? आणि माणूसच लागणार असेल, तर मोबाइल कशाला? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. मिनिटभराचा निरोप एकदा नीट तयार केला की तो हजारोंना वाजवून दाखवता येतो. मग आशाताईचा वेळ पाठ म्हणण्यात जात नाही, शंकांना उत्तर देण्यात जातो. शिवाय दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे किंवा गुजरातेत वीटभट्टीवर निघणाऱ्या कुटुंबाबरोबर आशाताई जाऊ शकत नाही, फोनमधला निरोप जातो. भाषांतराचे काम संगणकावर सोपवावे, असेही सुचवले जाईल. तिथे सावध राहिले पाहिजे. भाषांतराच्या सरकारी व्यवस्था प्रामुख्याने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांभोवती उभ्या आहेत. त्या यादीत वारली नाही, धोडियाही नाही. कोकणा बोली आणि गोव्याची कोंकणी यांत गल्लत करणारे यंत्र तर गोंधळच घालील. हा निरोप त्या भाषेत वाढलेल्या माणसाच्या तोंडूनच यायला हवा, आणि आशय डॉक्टरांनी तपासून दिलेला हवा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, तो खासगीपणाचा. सिकलसेलचा वाहक असणे हा दोष नाही, पण लग्नाच्या बाजारात तो मुलीचाच दोष ठरवला जातो. घरातल्या एकाच फोनवर तिचा अहवाल मोठ्या आवाजात वाजला, तर शिक्षणाच्या नावाखाली तिचे नुकसान होईल. कायद्याच्या बाजूने आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे, नोंद दाखवायला संमती लागते आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण संमतीच्या चौकटीवर टिचकी मारणारा अंगठा कुणाचा, हे कायद्याला दिसत नाही. म्हणून निरोप दोन प्रकारचे असावेत. आजाराची सर्वसाधारण माहिती सगळ्यांना, नाव न घेता, शाळेत आणि पाड्यावर खुशाल ऐकवावी. गावातल्या मुलामुलींची दोघांचीही तपासणी व्हायला हवी, हे त्यातच यावे. ‘तुमच्या रक्तात हे आहे’ हा निरोप मात्र त्या व्यक्तीला एकटीला, आशाताईच्या किंवा समुपदेशकाच्या समोरच ऐकवावा आणि फोनवर ठेवायचा की नाही, ते तिने ठरवावे.

यासाठी नवे अ‍ॅप काढण्याची गरज नाही. सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आरोग्य क्रमांकाची व्यवस्था आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या संपर्कात राहायचे, हे आता अभ्यासक्रमातच आहे. त्या विद्यार्थ्यांनी आशाताईंना सोबत घेऊन पाच-सहा नेहमीच्या आजारांचे निरोप वारली, कोकणा, धोडिया, मराठी, गुजराती आणि हिंदीत ध्वनिमुद्रित करावेत, अहवालासोबत ते जोडले जावेत. निरोप ऐकवून झाला की रुग्णाला एवढेच विचारावे : घरी गेल्यावर काय सांगाल? त्याने जे सांगितले, त्यावरून निरोप दुरुस्त होत राहील. सध्या अभियानाचे यश किती कार्डे काढली आणि किती नोंदी जोडल्या, यावर मोजले जाते, कारण ते मोजायला सोपे आहे. सामरवरणीच्या शंभर वाहकांपैकी कितीजणांना ‘दर वेळी चारात एक’ याचा अर्थ सांगता येतो, हा आकडा काढायला अवघड आहे खरा. पण ज्या प्रदेशाने देशाआधी नोंदी जमवल्या, त्याने हाही आकडा देशाआधी काढून दाखवावा.

(पुढच्या लेखांकात : दूरसल्ल्याच्या ‘ई-संजीवनी’त रुग्ण, आरोग्यसेविका आणि डॉक्टर यांच्यात नेमके काय बोलणे होते?)