एका बटणाचे तीन धनी

आमच्या वाचनकक्षात संध्याकाळी नेमके किती विद्यार्थी येतात, असा प्रश्न ग्रंथपाल सरांना पडला होता. ज्यांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही, त्यांच्या दृष्टीने तो कक्ष रात्री आठपर्यंत उघडा राहणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगायला नको. तेव्हा आकडा हवा होता, आणि तो खरा हवा होता. दारापाशी बटण ठेवावे, येणाऱ्याने ते एकदा दाबावे, यंत्राने मोजावे, अशी कल्पना निघाली. पदार्थविज्ञानाच्या सरांनी तळहाताएवढा एक बोर्ड माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "तूच कर." इतिहासाच्या विद्यार्थिनीला हे काम! मैत्रिणींना नवल वाटले. खरे तर मलाही वाटले.

बोर्डाचे नाव आर्डुइनो उनो. मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी आर्डुइनोची सुरुवात केली, ती डिझाइन शिकणाऱ्या, इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. ही मंडळी ज्या बारमध्ये जमत, त्याचेच नाव बोर्डाला मिळाले. आणि बारला नाव होते १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनचे. इतिहासाचा एवढा धागा सापडल्यावर मला धीर आला.

या बोर्डावरील काळी चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात एकाच चिपमध्ये बसवलेला छोटासा संगणक. त्याच्यापाशी एक वही आहे आणि एक पाटी. वही ३२ किलोबाइटची. वीज गेली तरी तिच्यातला मजकूर राहतो. पाटी अवघी २ किलोबाइटची, आणि वीज जाताच ती पुसली जाते. संगणकात मराठीचे एक चिन्ह साठवायला साधारणपणे तीन बाइट लागतात. म्हणजे वहीत हा लेख दोन-तीनदा मावेल, पाटीवर मात्र एखादाच परिच्छेद.

आता तीन धनी. बटण, तारा, दिवा, रेझिस्टर हे हार्डवेअर. चिपच्या वहीत उतरवलेला, मोजणी करणारा प्रोग्रॅम हे फर्मवेअर. टेबलावरील संगणकात चालणारा, प्रत्येक नोंदीपुढे तारीख-वेळ लिहिणारा प्रोग्रॅम हे सॉफ्टवेअर. कारण या बोर्डाला घड्याळातले किती वाजले हे ठाऊक नसते. फर्मवेअर हा शब्द ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली एका लेखात वापरला. त्यांच्या मनातला अर्थ आजच्यापेक्षा बराच अरुंद होता, पण कठीण आणि मऊ यांच्या मधले काहीतरी, ही त्यातली खूण आजही पटते.

पहिल्याच दिवशी बटणाला कोणी हात लावलेला नसताना आकडा वाढू लागला. तारेजवळ नुसता हात नेला तरी वाढे! बटण दाबलेले नसते तेव्हा चिपची ती पिन कशालाच जोडलेली नसते. मग ती आसपासच्या विजेच्या लहरींनी कधी शून्य, कधी एक वाचते. ५ व्होल्टकडे १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला की ती जागेवर राहते. मौज अशी की असा रेझिस्टर चिपच्या पोटातही आहे, आणि फर्मवेअरमधील एका ओळीने तो चालू होतो. हे हार्डवेअर म्हणायचे की फर्मवेअर? मी ओळ लिहिली. त्यानंतर सोडलेले बटण एक वाचू लागले आणि दाबलेले शून्य. या उलट्या हिशेबाची सवय व्हायला मला दोन दिवस लागले.

खरा त्रास पुढेच होता. बटण एकदा दाबले की आकडा कधी एकाने, कधी तीनाने, कधी पाचाने वाढे. मी बटण बदलले, संगणकातला प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, तारा नव्याने जोडल्या. व्यर्थ. मग सरांनी सांगितले, की बटणातील धातूचे दोन तुकडे एकमेकांना भिडताना चेंडूसारखे काही मिलिसेकंद उड्या मारतात. आपल्या बोटाला ते कळत नाही. चिपच्या घड्याळाचे ठोके मात्र सेकंदाला १ कोटी ६० लाख. ५ मिलिसेकंदांत ८०,०००. प्रत्येक उडी तिला वेगळे दाबणे वाटते. म्हणजे चिप खोटे बोलत नव्हती, ती गरजेपेक्षा जास्त पाहत होती.

यावर उपाय तिन्ही धन्यांकडे होते. कपॅसिटर लावून उड्या मऊ करता येतात. फर्मवेअरला २० मिलिसेकंद थांबून पुन्हा पाहायला सांगता येते. संगणकात जास्तीच्या नोंदी गाळण्याचाही विचार मी केला होता. पण तिथे कित्येकदा दोन-तीन नोंदी गठ्ठ्यानेच पोहोचतात, मग त्यांच्यातील खरे अंतर कळायचे कसे? कपॅसिटर विकत आणावा लागणार होता. थांबणे फुकट होते. मी थांबणे निवडले.

राहिली वीज. ती गेली की पाटी पुसणार आणि भरलेला वाचनकक्ष कागदावर रिकामा दिसणार. चिपमध्ये १ किलोबाइटची आणखी एक टिकाऊ स्मृती असते, तिच्यात आकडा ठेवला. परंतु तिचे एकेक घर सुमारे १ लाख वेळा लिहिण्यापुरतेच हमीचे. माझ्या पहिल्या मसुद्यात दर सेकंदाला लिहिणे चालले होते. तो हिशेब २८ तासांत संपला असता! आता बटण दाबले तरच लिहिले जाते.

चाचणीच्या संध्याकाळी दारात मुद्दाम वहीही ठेवली. वहीत सह्या ४१, यंत्रात ४०. मी पुन्हा तारा तपासल्या, प्रोग्रॅम वाचला, काही सापडेना. शेवटी सह्या पाहिल्या. पहिली सही माझी होती, आणि यंत्र जोडण्याच्या घाईत बटण दाबायचे मीच विसरले होते.