भिंतीशी बसलेले मूल आणि आठ चेंडू

सातपुड्याच्या कुशीतील धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. उत्तरेस नर्मदा, सभोवती डोंगरउतार, आणि त्या उतारांवर आपापल्या शेतात विखुरलेली पावरा व भिल्ल कुटुंबांची घरे. अशा पाड्यावरील बौद्धिक दिव्यांग मुलास दूरच्या विशेष शाळेत धाडणे पालकांना सहसा झेपत नाही. आश्रमशाळेचे मैदान मात्र त्या मानाने जवळचे. घरी शेळ्या राखणारे, पाणी आणणारे मूल त्या मैदानावर भिंतीशी बसून राहत असेल, तर उणीव केवळ त्याच्या बुद्धीत शोधणे न्याय्य नव्हे.

युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी २०२ पदके मिळविली. हे यश स्पृहणीय खरेच. परंतु त्यामागील विभागणीची पद्धत आम्हांस अधिक मोलाची वाटते. प्राथमिक फेरीतील कामगिरी, वय व लिंग पाहून समान क्षमतेच्या खेळाडूंचे लहान गट केले जातात. त्यामुळे मंदगतीने धावणाऱ्यालाही खरीखुरी चुरस लाभते. दयेपोटी दिलेले बक्षीस आणि झुंजून मिळविलेले पदक यांतला फरक या मुलांना कळत नाही, असे मानणाऱ्यांनी एकदा अशी शर्यत पाहावी!

याच चळवळीतील ‘युनिफाइड’ प्रकारात बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघातून उतरतात. बोची हा खेळ घ्या. लहान लक्ष्यचेंडू आधी टाकायचा आणि आपले मोठे चेंडू त्याच्या शक्य तितके निकट पोहोचवायचे. गोट्या खेळलेल्या कुणालाही तो क्षणात उमजावा. चौघांच्या संघात दोघे दिव्यांग, दोघे सहखेळाडू. नेम साधला की दोघांचा, हुकला की तोही दोघांचा. एरवी वर्षातून एकदा फळवाटप करून परतणाऱ्या पाहुण्यांशी असे नाते जुळत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे अपेक्षित आहे. तेव्हा मैदानावरील जागा हा त्यांचा हक्कच होय. शिक्षकास मुलाच्या घरची भिली वा पावरी बोली येत असेल, तर खेळाचे नियम समजावणे सुकर होईल. नसेल, तर तीच बोली बोलणारा वर्गमित्र सहखेळाडू निवडावा.

आपल्या समाजातील दानशूर कुटुंबे शाळांना खोल्या बांधून देतात, कपाटे देतात. बोचीसाठी आठ चेंडू, एक लक्ष्यचेंडू आणि चुन्याने आखलेली सुमारे अठरा मीटर लांबीची सपाट पट्टी एवढे पुरते. खरा खर्च येतो तो शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा, आणि पाड्यावरून मुलाला सरावासाठी नेण्या-आणण्याचा. देणगीच्या पावतीवर या दोन बाबी अभावानेच आढळतात.