पाट्याला बसणारा पीळ

केळीच्या बागेतून डांबरी रस्त्यावर चढणारी पिकअप एकदा कान देऊन ऐकावी. सावदा, फैजपूर, रावेरच्या पट्ट्यात पावसाळ्यात हे रोजचं दृश्य. शेतरस्त्यावर काळा चिखल, पुढे डांबराचा उंच काठ, मागे हौद्यात घडांच्या थरावर थर. ड्रायव्हर पहिला गिअर टाकून क्लच सोडतो आणि मागून धडधडधड असे चार-सहा ठोके ऐकू येतात. चाकं जमिनीवरून उचलून पुन्हा आपटल्यासारखी. मग एका हिसक्यात गाडी वर येते. धुळे-अमळनेरकडचा माणूस हेच अहिराणीत एका वाक्यात सांगतो, ‘गाडी मांगून नाचस, भाऊ.’

या नाचाची किंमत केळी मोजते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. अशा मालाला लागलेला मार कापणीच्या दिवशी दिसत नाही. साल हिरवी असते, डाग आत दबलेला असतो, आणि फळ पिवळं झालं की तो काळा होऊन वर येतो. गाडीच्या मागच्या आसाचा दोष असा शेकडो किलोमीटर दूरच्या बाजारात उघडा पडतो. गाडीचंही नुकसान होतंच. पाट्याचा सेंटर बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, क्राउन-पिनियन यांपैकी कशाला ना कशाला त्या ठोक्यांचा भार सोसावा लागतो.

हा नाच नेमका कुठून येतो, हे समजायला बैलगाडी उपयोगी पडते. बैलगाडीत ओढ जुवावर असते. चाक नुसतं मागून येतं, त्यामुळे आसाला पीळ बसण्याचं कारणच नसतं. पिकअपचं उलट आहे. तिथे मागचा आसच गाडी ढकलतो. इंजिनाचा जोर प्रोपेलर शाफ्टमधून क्राउन-पिनियनला आणि तिथून चाकांना जातो. चाक पुढे फिरायला लागलं की ज्या हौसिंगमध्ये हे सगळं बसलेलं असतं, ते तितक्याच जोराने उलट्या दिशेने फिरू पाहतं. पिनियनचं तोंड वर उचलतं. हौसिंगला धरून ठेवलेलं असतं ते फक्त दोन कमानपाट्यांनी. मग पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा अर्धा खाली दबतो आणि बाजूने पाहिलं तर पाटा आडव्या पडलेल्या इंग्रजी ‘एस’सारखा दिसतो. पीळ वाढत जातो, एका क्षणी टायरची पकड सुटते, पाटा म्हणजे स्प्रिंगच, तो झटकन सरळ होतो, टायर पुन्हा जमीन धरतो, पुन्हा पीळ. एका सेकंदात हे अनेकदा घडतं. तोच तो नाच. रिकाम्या गाडीत तो लवकर सुरू होतो, कारण टायरवर वजन नसतं. भरलेलीत उशिरा येतो, पण प्रत्येक ठोका जड असतो.

जोर किती, याचा अंदाज खान्देशी मापाने घेता येतो. आपल्याकडच्या नेहमीच्या माल वाहणाऱ्या पिकअपचं डिझेल इंजिन साधारण २०० न्यूटन मीटर पीळ देतं. पहिल्या गिअरात गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियन मिळून तो पंधरा-वीस पट होतो, म्हणजे आसावर तीन-चार हजार न्यूटन मीटर. कापसाची एक गाठ १७० किलोची. मीटरभर लांब पहार आसाला आडवी जोडून तिच्या टोकाला दोन गाठी टांगल्या, तर जेवढा पीळ बसेल तेवढा हा. आता टोयोटा हायलक्स घ्या. २०२२ साली भारतात आलेल्या या पिकअपच्या ऑटोमॅटिक रूपात २.८ लिटरचं इंजिन ५०० न्यूटन मीटर देतं. त्याच पहारेला चार गाठींहून जास्त वजन. आणि मागे पाटेच. २०१६ला आलेल्या इसुझू व्ही-क्रॉसच्या मागेही पाटेच. अशा गाडीचं इंजिन ट्यून करून जोर आणखी वाढवणारे हौशी लोक नाशिक-पुण्यापासून जळगावपर्यंत सापडतात, आणि लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ड्रॅग शर्यतीची ओढ त्यांना असतेच.

पाट्यांच्या या रचनेला हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच मोटार कंपनीवरून हे नाव आलं. रचना स्वस्त, दणकट आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारी, म्हणून ती शंभर वर्षांहून जास्त टिकली. पण तिच्यात एकाच पाट्याकडून तीन कामं करून घेतली जातात : ओझं उचलणं, आस जागेवर धरणं आणि पीळ सोसणं. ट्रॅक्शन बार, म्हणजे आसाला वळू न देणारा दांडा, यातलं तिसरं काम पाट्याच्या अंगावरून काढून घेतो. त्याचं सगळं प्रयोजन एवढंच.

हा उपाय अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांवर पिकला. १९६५च्या शेल्बी मस्टँगला तो कारखान्यातूनच बसवलेला होता. शेव्हरोले कॅमॅरोची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९६७ची पहिली कॅमॅरो मागे प्रत्येक बाजूला एकाच पाट्याच्या कमानीवर उभी होती आणि जोर दिला की नाचत होती. त्या वर्षी काही मॉडेलांना उजव्या बाजूने एक बार देण्यात आला. १९६८ला कंपनीने मागचे दोन शॉकअब एकमेकांसमोर न ठेवता एक आसाच्या पुढे आणि एक मागे बसवला. हौसिंग कुठल्याही दिशेला वळू लागलं तरी एक शॉकअब त्याला अडवणार, हा त्यामागचा हिशेब. आजच्या कित्येक पिकअपच्या खाली वाकून पाहिलं तर हीच मांडणी दिसते.

खान्देशात या दुखण्यावर चालत आलेला इलाज एकच : पाटा वाढवणं. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर किंवा धुळ्याच्या महामार्गालगत कमानवाल्याकडे गाडी नेली की मिस्त्री आधी हेच सुचवतो, आणि त्याचं म्हणणं निराधार नाही. जास्त पाटे म्हणजे ताठर कमान, आणि ताठर कमान कमी पिळते. पण हा इलाज ओझ्याचा आहे, पिळाचा नव्हे. वाढवलेल्या पाट्याने रिकामी गाडी दगडासारखी होते, खड्ड्यात मागचं चाक हवेत राहतं, आणि नाच थांबवायला गेलेला माणूस केळीला दुसऱ्या वाटेने मार देतो. शिवाय पाटा वाढला की ओझंही वाढतं, हा सगळ्यांचा अनुभव. पाटा आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी उंच करणाऱ्यांनी तर आणखी जपायला हवं. ठोकळ्याने तरफ लांबते आणि पीळ वाढतो. जुन्या जीपचे पाटे आसाच्या खालून काढून वर बसवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

बारचे मुख्य दोन प्रकार. पहिला आखूड : आसाखाली पाट्याला जखडून पुढे पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली येणारा, टोकाला रबराचा ठोकळा असलेला. हौसिंग वळू लागलं की ते रबर डोळ्याखाली टेकतं आणि वळणं थांबतं. दुसरा लांब : आसापासून चॅसीपर्यंत जाणारा, दोन्ही टोकांना सांधा असलेला जाड पाइप. जास्त जोराच्या डिझेल पिकअपला हाच शोभतो. गाडी जोर धरते तेव्हा हौसिंगचा तळ पुढे जाऊ पाहतो, म्हणजे आसाखालचा बार दाबला जातो. पातळ पाइप इथे काठीसारखा वाकतो. कमी जाडीच्या पाण्याच्या पाइपातून घरच्या घरी बार बनवणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

बसवण्याचं काम पाना हातात घेण्याआधीच सुरू होतं. पाट्याचे बुश बोटाने हलतात का, शॅकलची पिन झिजली आहे का, एखाद्या पाट्याला केसासारखी चीर आहे का, सेंटर बोल्टचं डोकं शाबूत आहे का, हे सगळं पाहावं लागतं. मोडक्या कमानीवर बार चढवणं म्हणजे दुखणं झाकणं. निम्म्या गाड्यांचा नाच नवे बुश आणि नीट आवळलेले यू-बोल्ट एवढ्यानेच कमी होईल, असं हे काम जवळून पाहिलेल्या कुणालाही वाटेल. यू-बोल्ट सोडले तर नवेच घालावेत. एकदा ताणला गेलेला यू-बोल्ट पुन्हा तीच पकड देत नाही. ते आवळायचे तेही आडव्या-तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, गाडीच्या पुस्तकातल्या मापाला टॉर्क पान्याने.

मग गाडी सपाट फरशीवर. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, आणि घोड्या लावायच्या त्या चॅसीखाली नव्हे, आसाखाली. इथेच बहुतेकांची चूक होते. चॅसी उचलली की आस खाली लोंबतो, पाटा वेगळ्याच आकारात येतो, आणि त्या अवस्थेत मापलेला बार गाडी खाली उतरवताच ताणला जातो. गाडीचं वजन पाट्यावर असतानाच मापं घ्यायची. पुढचा कंस चॅसीच्या उभ्या भिंतीला बोल्टने बसवायचा. चॅसीच्या वरच्या-खालच्या काठाला भोक पाडायचं नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे असतो. वेल्डिंग टाळता आलं तर उत्तम. करावंच लागलं तर बॅटरीची केबल सोडून, डिझेलची टाकी आणि ब्रेकची नळी झाकून, आणि पाट्यापासून लांब. पाट्याचं पोलाद ठराविक उष्णतेला पाणी दिलेलं असतं. ठिणगीचा एक डाग पडला तरी तिथलं पाणी उतरतं आणि काही महिन्यांनी पाटा नेमका त्याच जागी तुटतो. आसाच्या नळीवर गरम टाका दिला तर नळी वाकते आणि आतले बेअरिंग जातात.

आता जुळवणी, या साऱ्या कामाचा गाभा. लांब बारच्या एका टोकाला सुलटा आटा असतो, दुसऱ्याला उलटा. पाइप फिरवला की लांबी कमी-जास्त होते. दोन्ही कंस पक्के झाल्यावर मागचा बोल्ट घातलेला असतो आणि पुढचा हातात. पाइप चिमटभर फिरवून बोल्ट भोकाशी धरून पाहायचा. अडला, तर पुन्हा पाव फेरा. हातोड्याने ठोकून घालायचा नाही. जेव्हा तो बोटाच्या दाबाने सरकून आत जातो, तेव्हा बार ना ढकलतो आहे ना ओढतो आहे. तीच लांबी. मग दोन्ही लॉकनट घट्ट. दुसऱ्या बाजूला तेच. दोन्ही बार मोजून सारखे करायची गरज नाही, कारण कुठलीही चॅसी मिलिमीटरला सारखी नसते.

यानंतर आस जॅकने वर दाबून आणि खाली सोडून पाहायचा. पाटा पुढच्या डोळ्याभोवती एक कमान आखतो, बार स्वतःच्या सांध्याभोवती दुसरी. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत तर बार पाट्याशी भांडू लागतो आणि गाडी ठणकते. म्हणून बार पाट्याच्या पुढच्या भागाशी जमेल तेवढा समांतर ठेवतात. आसाला दोन जागी जखडलेल्या त्रिकोणी बारच्या पुढच्या टोकाला झुलता शॅकल देतात. सायलेन्सर, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकची नळी कुठल्याही टोकाला घासत नाही, हे त्याच वेळी बघायचं.

आखूड बारची जुळवणी रबर आणि डोळा यांमधल्या फटीने होते; साधारण अर्धा ते एक इंच. इथे एक फसगत आहे. शाफ्टच्या पिळाने मागचं उजवं चाक हलकं होतं, म्हणून उजवीकडची फट थोडी कमी ठेवतात. अमेरिकेच्या पुस्तिकांत हे ‘पॅसेंजरच्या बाजूला’ असं लिहिलेलं असतं. तिथे पॅसेंजर उजवीकडे बसतो, आपल्याकडे ड्रायव्हर. पुस्तिका जशीच्या तशी वाचणारा उलट बाजू जुळवून मोकळा होतो.

खान्देशच्या काळ्या मातीसाठी आणखी एक गोष्ट. शर्यतीच्या बारला लोखंडी गोल सांधे असतात, आत पातळ अस्तर. कोरड्या धावपट्टीवर ते छान चालतात. पण कापूस-केळीच्या रस्त्यावरची ओली माती आत शिरली की वाळून सहाणेसारखी घासते आणि सांधा एका हंगामात खडखडू लागतो. इथे रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे बुशच बरे.

कायद्याची बाजू टाळता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ मापदंडाला छेद देणारा बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. व्यावसायिक पिकअपला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी फिटनेस तपासणीला उभं राहावं लागतं. म्हणून बार घेण्याआधी गाडीच्या कंपनीकडे आणि आरटीओत विचारून, उत्तर लेखी घेतलेलं बरं. विमा कंपनीलाही कळवावं. तसंही केळी वाहणाऱ्या पिकअपला शाबूत कमान, नवे बुश आणि ठरलेलं ओझं एवढं पुरतं. बार खरा लागतो तो जोर वाढवलेल्या, घाटात किंवा धावपट्टीवर पळणाऱ्या गाडीला.

चाचणीसाठी चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट असो की साक्रीपुढचा कोंडाईबारी, आधी सपाट रस्त्यावर रिकामी गाडी हळू उचलून पाहायची. नंतर नेहमीचं ओझं भरून. शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा पान्याखालून जातात, कारण नवा रंग आणि नवी धूळ दबली की पकड सैल होते. समजदार मिस्त्री बारच्या प्रत्येक टोकाचा नट आवळला की त्यावर आणि कंसावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. नट हलला की रेघ तुटते. मग रोज सकाळी निघण्याआधी ड्रायव्हरने मागच्या चाकाशी बसून, मोबाइलच्या उजेडात, चारही रेघा अखंड आहेत ना एवढंच पाहायचं.